नवीन नोकरी तब्येत आणि अभ्यास दोन्ही खात असेल, तर ती नीट कशी सोडायची

आमच्या नाशिकच्या अभ्यासिकेत सिडको, सातपूर, पाथर्डी फाटा अशा भागातली बरीच पोरं-पोरी येतात. कुणी टीवाय बीकॉम, कुणी डिप्लोमा, कुणी मुक्त विद्यापीठातून डिग्री करतंय, कुणी एमपीएससी. यातले बरेच जण वर्षाच्या सुरुवातीला अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत, सिन्नरला, गोंद्याला नाहीतर शहरातल्याच एखाद्या कॉल सेंटर, शोरूम, हॉस्पिटलच्या काउंटरवर कामाला लागतात, आणि दोन-तीन महिन्यांत झोप गेलेली, ॲसिडिटी वाढलेली, पुस्तक उघडलेलं नाही, अशा अवस्थेत परत येतात. मग नोकरी सोडायची ठरते, आणि इथेच सगळी गडबड होते.

गडबड ठरलेली असते. एक म्हणजे फोन बंद करून कामावर जाणंच बंद करायचं. दुसरं, सुपरवायझरला तोंडी सांगायचं "उद्यापासून नाही येत" आणि झालं असं समजायचं. तिसरं, एखाद्या दिवशी भांडण झालं की रागात तिथल्या तिथे सोडायचं, आणि परीक्षा कधी, पगार कधी, कशाचाच मेळ नाही. पगार अडकतो, पीएफमध्ये एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) पडत नाही, पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये नावापुढे ॲबस्कॉन्डिंग, म्हणजे न सांगता पळालेला, असं लागलेलं निघतं. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय. कृपया क्रम मोडू नका, कारण निम्मं नुकसान पायऱ्या उलटसुलट केल्यानेच होतं.

टप्पा १ : आधी बघा, नोकरी सोडायचीय की शिफ्ट बदलायचीय

एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा : किती तास झोप झाली, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती तास गेले, अभ्यास किती झाला, आणि अंगात काय त्रास होता. हे लिहिणं गरजेचं आहे, कारण आपण सगळे "आठ तासांची ड्युटी आहे" असं म्हणतो पण सिन्नरची कंपनी बस पकडायला नाक्यावर थांबण्यापासून ते परत येऊन आंघोळ करेपर्यंत अकरा-बारा तास जातात आणि वर ओटी (ओव्हरटाइम) लागला तर विचारायलाच नको. वहीत हे उघडं पडतं.

दोन आठवड्यांनी वही बघा. त्रास फक्त रात्रपाळीच्या आठवड्यातच असेल तर आधी शिफ्ट बदलून मागा, जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट कायमची मिळते का ते लेखी विचारा. त्रास फक्त ओटीमुळे असेल तर ओटी नको म्हणून सांगा. काही ठिकाणी हे होतं, आणि मग नोकरीही राहते आणि कॉलेजही. पण सगळ्याच आठवड्यांत झोप पाच तासांच्या आत आणि अभ्यास शून्य असेल तर शिफ्ट बदलून फार फरक पडणार नाही, सोडायचा विचार सुरू करा. विशी-पंचविशीतल्या शरीराला सात ते नऊ तास झोप लागते. ती रोज कमी पडत गेली की आधी लक्ष जातं, मग पाठांतर, मग पोट, मग चिडचिड, आणि आपल्याला वाटतं आपणच ढ झालोय.

डॉक्टरला याच टप्प्यात दाखवा, सोडल्यानंतर नाही. पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल, म्हणजे पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कामाला लागल्यापासूनच तुम्हाला तिथली औषधोपचाराची सोय आहे, सातपूरला ईएसआय हॉस्पिटल आहे, पगार स्लिपवरचा इन्शुरन्स नंबर आणि आधार घेऊन जा. आजारपणाच्या रजेचे रोख पैसे मात्र नव्या माणसाला पहिले ९ महिने मिळत नाहीत, त्या भरवशावर राहू नका. ईएसआयसी नसेल तर त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे. डॉक्टरांना सरळ सांगा की रात्रपाळी आहे आणि अभ्यासही चालू आहे, आणि जे सांगतील ते कागदावर लिहून घ्या, "रात्रपाळी टाळावी" एवढी एक ओळ जरी असली तरी पुढे एचआरशी बोलताना आणि कॉलेजात हजेरीचा विषय निघाला की कामाला येते.

थांबा : छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, गाडी चालवताना डुलकी लागणं, जगण्यातच रस न वाटणं, यातलं काहीही असेल तर दोन आठवड्यांची वही वगैरे विसरा. आजच डॉक्टर, आणि उद्यापासून सुट्टी. थर्ड शिफ्ट सुटल्यावर मुंबई-आग्रा हायवेने बाईकवर येताना डोळा लागणं ही साधी गोष्ट नाही, त्या आठवड्यात बस धरा नाहीतर कुणाच्या तरी मागे बसा. मनाचा त्रास असेल तर टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही.

आणि खोटं मेडिकल सर्टिफिकेट विकत घेऊ नका. पकडलं गेलं की खरा आजारही कुणी खरा मानत नाही.

टप्पा २ : कागद काढा आणि वाचा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. ऑफर लेटर, नेमणूक पत्र, जॉइनिंगला सह्या केलेले कागद, पगार स्लिपा, सगळं एका जागी आणा. नेमणूक पत्राची कॉपी तुमच्याकडे नसेल, आणि बऱ्याच जणांकडे नसते, तर राजीनाम्याचा शब्दही न काढता आधी एचआरला मेल करून ती मागा. बँकेला लागते, कॉलेजला लागते, काहीही कारण नको, "माझ्या रेकॉर्डसाठी हवी आहे" एवढं पुरतं.

मग यात काय शोधायचं ते सांगतो.

पहिलं, तुमचा मालक नक्की कोण आहे. हे वाचून विचित्र वाटेल, पण एमआयडीसीत बरीच पोरं मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत जातात, अंगात त्याच कंपनीचा युनिफॉर्म असतो आणि पगार मात्र ठेकेदाराकडून येतो. पगार स्लिपवर आणि पीएफ पासबुकात ज्याचं नाव आहे तो तुमचा मालक, आणि राजीनामा त्याला द्यायचा. कंपनीतल्या सुपरवायझरला दिलेला कागद ठेकेदाराने पाहिलेलाच नसतो आणि महिन्याभराने म्हणतो "तू तर न सांगता गेलास". हे मी इतक्यांच्या बाबतीत ऐकलंय की सगळ्यात आधी हेच विचारतो.

दुसरं, प्रोबेशनचं (सुरुवातीच्या चाचणी काळाचं) कलम आणि नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस काम करायचं ते. प्रोबेशन चालू असताना नोटीस कमी असते, कुठे ७ दिवस, कुठे १५, कुठे महिना. कन्फर्म झाल्यावर वाढते. तुमचं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपत असेल तर आत्ता सोडण्यात फायदा असू शकतो, तारीख बघा. नोटीस न पाळता गेलं तर त्या दिवसांचे पैसे कापले जातात, ते बेसिकवर की पूर्ण पगारावर हेही तिथेच लिहिलेलं असतं.

तिसरं, बॉन्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरीन असा करार. इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही जण बॉन्डच्या भीतीने वर्षभर कुढत बसतात, काही जण "बॉन्डला कोर्टात काही किंमत नसते भो" असं कुणीतरी सांगितलं म्हणून बिनधास्त निघतात. खरं मधे आहे. कुणी जबरदस्तीने कामावर बांधून ठेवू शकत नाही, पण सोडल्यावर वाजवी भरपाई मागू शकतं, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमध्ये ठरलेल्या मुदतीआधी सोडल्याबद्दल २ लाख रुपये भरण्याची अट योग्यच ठरवली आहे. म्हणून बॉन्डमध्ये रक्कम किती, मुदत किती, आणि त्या बदल्यात तुम्हाला खरंच काही ट्रेनिंग दिलं का, हे बघा. रक्कम मोठी असेल तर राजीनाम्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा, एका भेटीची फी लाखांच्या पुढे काहीच नाही. कंपनीकडे कोरा चेक किंवा ओरिजिनल मार्कशीट दिली असेल तर ती कधी दिली, कुणाकडे दिली ते लिहून ठेवा, कारण राजीनाम्यासोबतच ती परत मागायची आहेत.

चौथं, तुम्ही कामगार आहात की अप्रेंटिस. अप्रेंटिसशिपचं रजिस्टर झालेलं कॉन्ट्रॅक्ट असेल तर नुसत्या राजीनाम्याने ते संपत नाही, ते अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवरही रीतसर बंद करून घ्यावं लागतं आणि मधेच सोडल्यास भरपाईची अट असू शकते. एचआरला विचारून मगच पुढे जा.

तपासा : यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) माहीत आहे का, पीएफ पासबुक उघडतंय का, आणि तिथलं नाव-जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का. चूक असेल तर कंपनीत असतानाच दुरुस्त करून घ्या, सोडल्यावर त्याच एचआरच्या मागे फिरावं लागू शकतं.

टप्पा ३ : तारीख परीक्षेपासून उलटी मोजा

बहुतेक जण आजपासून पुढे मोजतात. आज कंटाळा आला, आज राजीनामा, मग बघू. त्यात होतं असं की नोटीस पिरियड नेमका पेपरांवर येऊन आदळतो.

कॅलेंडर घ्या आणि शेवटच्या टोकापासून सुरू करा. समजा पेपर १८ नोव्हेंबरला सुरू होतात. तुम्हाला महिनाभर मोकळा हवाय, म्हणजे नोकरीचा शेवटचा दिवस १८ ऑक्टोबर. नोटीस ३० दिवसांची, म्हणजे राजीनाम्याचा मेल १८ सप्टेंबरला गेलाच पाहिजे. त्याआधी डॉक्टर, कागद, म्हणजे टप्पा १ आणि २ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपायला हवेत, आणि घरच्यांशी बोलणंही मेलच्या आधी व्हायला हवं. आता या रेषेवर परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, इंटर्नल, प्रॅक्टिकल, सबमिशन हे सगळं मांडा. प्रॅक्टिकल बऱ्याचदा लेखी पेपरच्या आधी असतात आणि नेमकं तेच विसरलं जातं.

रेग्युलर कॉलेज असेल तर हजेरी बघा, ७५ टक्क्यांचा प्रश्न आत्ताच वर्गशिक्षकांकडे जाऊन विचारा, यादी बोर्डावर लागल्यावर नाही. मुक्त विद्यापीठवाल्यांना वाटतं आपल्याला हजेरीचं टेन्शन नाही, पण अभ्यास केंद्रावरची संपर्क सत्रं आणि गृहपाठाच्या तारखा असतातच, साप्ताहिक सुट्टी रविवारी नसेल तर त्याही हातच्या जातात.

नोटीस ३० दिवसांची आणि परीक्षा २० दिवसांवर, असा कात्रीत सापडलेला माणूस काय करणार? दोन रस्ते आहेत. नोटीस कमी करून मागायची, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे कापू द्यायचे. किंवा परीक्षेपुरती बिनपगारी रजा मागायची आणि नोटीस नंतर पुरी करायची. दोन्ही लेखी मागता येतं, परीक्षेचं टाइमटेबल जोडा, एचआरला टाइमटेबल समजतं.

पगाराची तारीखही याच कॅलेंडरवर लिहा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा असा नियम आहे, तेव्हा मागच्या महिन्याचा पगार खात्यात आल्यावरच मेल पाठवा. राजीनामा गेला की काही ठिकाणी पुढचा पगार हिशोबापर्यंत रोखून धरतात, म्हणून वरच्या उदाहरणात ऑगस्टचा पगार हातात, आणि सप्टेंबरचा कदाचित उशिरा, असं धरून चला.

दिवाळीच्या बोनससाठी थांबावं का, हे हमखास विचारतात. कायद्याचा बोनस आर्थिक वर्षावर, म्हणजे एप्रिल ते मार्च, काढतात आणि त्या वर्षात किमान ३० दिवस काम झालेलं लागतं. तुम्ही जून-जुलैत लागला असाल तर या दिवाळीला वाटला जाणारा बोनस मागच्या वर्षाचा आहे, त्यात तुमचा हक्क बसत नाही. कंपनी आपल्या मर्जीने काही देत असेल तर वेगळी गोष्ट, पण त्या मिठाईच्या डब्यासाठी आणि दोन-तीन हजारांसाठी सेमिस्टर घालवू नका.

टप्पा ४ : पैशाचं बघा

सोडल्यानंतर तीन महिने खर्च कसा चालेल ते कागदावर मांडा : रूमचं भाडं, मेस, बस पास, परीक्षा फी, मोबाईलचा हप्ता, बाईकचा हप्ता. हप्ते आधी लिहा कारण त्यांची तारीख हलत नाही. घरी राहणाऱ्यांनी घरात देत असलेले पैसेही खर्चात धरा, आई काही बोलत नाही म्हणून ते नसतात असं नाही.

पैसे कमी पडत असतील तर सोडायची तारीख एक पगार पुढे ढकला आणि तोवर फक्त ओटी बंद करा. तब्येतीची धोक्याची लक्षणं असतील तर हे लागू नाही, तेव्हा उसने घ्या पण थांबू नका.

कमी तासांचं दुसरं काही मिळतं का ते नोटीस चालू असतानाच बघा. पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांमध्ये कमवा व शिका योजना असते, त्यात कॉलेजातच दिवसाला थोडे तास काम मिळतं, विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. शाळकरी मुलांच्या शिकवण्या, संध्याकाळचं मेडिकल दुकान, हिशोब लिहिणं, असं घराजवळचं काम पैसे कमी देतं पण प्रवासाचे दोन तास वाचवतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलेला नसेल तर मुदत बघा, नोकरी लागली म्हणून अनेकांनी तो सोडून दिलेला असतो.

टप्पा ५ : घरी सांगणं

राजीनाम्याच्या आधी सांगा. नंतर नाही. "सोडली" म्हणून कळवलं की भांडण, "सोडायचा विचार आहे, हे बघा" म्हटलं की निदान ऐकून घेतात.

वही, डॉक्टरचा कागद, कॅलेंडर आणि खर्चाचा कागद, हे चारही पप्पांसमोर ठेवा. बऱ्याच घरांत पहिली नोकरी म्हणजे नातेवाइकांना सांगून झालेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात, त्यामुळे वडिलांना राग येतो तो बहुतेक वेळा "आता काकाला काय सांगू" याचा असतो. काकाच्या ओळखीने नोकरी लागली असेल तर काकांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, "काका, तुम्ही शब्द टाकला होता म्हणून आधी तुम्हाला सांगायला आलोय, नोटीस पूर्ण करूनच निघणार आहे, तुमचं नाव खाली जाऊ देणार नाही." हे वाक्य खरं करून दाखवायचं असेल तर पुढचे टप्पे नीट पाळावे लागतील. लग्न झालेल्या मुलींना सासरीही बोलावं लागतं, तिथे आधी नवऱ्याशी, मग दोघांनी मिळून सासूबाईंशी, असा क्रम बरा पडतो असं मी पाहिलंय.

टप्पा ६ : राजीनामा देणं

क्रम असा : सकाळी आधी सुपरवायझर किंवा डिपार्टमेंट हेडला समोर भेटून सांगायचं, त्याच दिवशी संध्याकाळच्या आत एचआरला मेल टाकायचा. उलटं केलं की साहेबाला एचआरकडून कळतं आणि तो दुखावतो, आणि नोटीसचे दिवस तुम्हाला त्याच्याच हाताखाली काढायचे आहेत.

समोर बोलताना दोन वाक्यं पुरे. "सर, तब्येत आणि परीक्षा दोन्ही जमत नाहीये, डॉक्टरांनीही रात्रपाळी नको सांगितलंय. मी आज राजीनामा देतोय, नोटीस पूर्ण करणार आहे." एवढंच. मग गप्प राहा. आपण अस्वस्थ होऊन बोलत सुटतो, कँटीनचं जेवण, लाइनवरचं अमुक तमुक, पगार कमी, आणि मग समोरचा एकेक मुद्दा खोडत बसतो.

कारण खरं सांगा. गावी लग्न आहे, आजी सिरियस आहे, असली कारणं दिली की लोक म्हणतात "मग सुट्टी घे ना, सोडतो कशाला", आणि त्यावर दुसरं खोटं बोलावं लागतं. आजाराचं नाव सांगायची मात्र गरज नाही, तब्येत म्हटलं की झालं.

मेलचा मजकूर असा ठेवा :

विषय : राजीनामा, तुमचं नाव आणि एम्प्लॉई कोड
मा. एचआर मॅनेजर,
मी अमुक तारखेपासून अमुक विभागात काम करत आहे. तब्येत आणि चालू शिक्षण यामुळे ही नोकरी पुढे सुरू ठेवणं मला शक्य नाही, म्हणून मी राजीनामा देत आहे. नेमणूक पत्राप्रमाणे माझा नोटीस पिरियड इतक्या दिवसांचा असून तो आजपासून धरावा. माझा शेवटचा कामाचा दिवस अमुक तारीख असेल. तोपर्यंत माझ्याकडचं काम मी व्यवस्थित सोपवून देईन. राजीनामा मिळाल्याची पोच द्यावी, तसेच शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर आणि संपूर्ण हिशोब मिळावा, ही विनंती.

मेल स्वतःच्या पर्सनल आयडीवरून पाठवा किंवा निदान कॉपी पर्सनलला ठेवा, कंपनीचा आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो आणि पुरावा त्यातच राहतो. जिथे मेलची पद्धत नाही, छोट्या युनिटमध्ये किंवा ठेकेदाराकडे, तिथे कागदाच्या दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर "मिळाला", तारीख, सही घ्या. सही देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि सोबत व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ठेवा. शेवटच्या दिवसाची तारीख स्पष्ट लिहा, "लवकरात लवकर सोडावे" असं लिहिलं की तारीख त्यांच्या हातात जाते.

थांबा : एचआरने समोर काही तयार कागद ठेवला, "माझी कंपनीकडे काहीही बाकी नाही" अशा मजकुराचा, तर पैसे हातात पडण्याआधी त्यावर सही करू नका. घरी नेऊन वाचतो म्हणा.

टप्पा ७ : नोटीसचे दिवस

आता समोरून काहीतरी येणार. पगार हजार-दोन हजाराने वाढवतो, पुढच्या महिन्यात शिफ्ट बदलतो, "माणूस मिळेपर्यंत थांब". पगारवाढीने झोप येत नाही, तेव्हा त्याला नम्रपणे नाही म्हणा. शिफ्ट बदलायची ऑफर असेल आणि टप्पा १ मध्ये त्रास फक्त रात्रपाळीचाच निघाला असेल तर विचार करा, पण ते लेखी आलं तरच आणि लगेच लागू होत असेल तरच. माणूस मिळेपर्यंत थांबणं ही गोष्ट कधी संपत नाही, तुमची तारीख ठरलेली आहे.

नोटीसमध्ये दांड्या मारू नका. रोज पंचिंग करा, हजेरीचा फोटो किंवा नोंद ठेवा. सगळ्यात जास्त पोरं इथे घसरतात, शेवटचे आठ दिवस "आता काय करणार आहेत" म्हणून जात नाहीत आणि तेवढ्यावरून रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी रीतसर सुटल्याचं पत्र, अडतं. खरंच आजारी पडलात तर त्याच दिवशी मेसेज आणि डॉक्टरचा कागद.

अभ्यास याच दिवसांत हळूहळू सुरू करा. नोकरी सुटल्यावर पहिल्या दिवसापासून बारा तास बसू असं ठरवणाऱ्यांचं पहिला आठवडा काहीच होत नाही, कारण शरीर आधी झोप वसूल करतं, ते धरूनच टाइमटेबल आखा.

टप्पा ८ : शेवटचा दिवस

सेफ्टी शूज, हेल्मेट, आयकार्ड, लॉकरची चावी, गेट पास, सिम, जे काही घेतलंय ते जमा करून नो ड्यूज फॉर्मवर (कंपनीचं तुमच्याकडे काही बाकी नाही असा फॉर्म) प्रत्येक विभागाची सही घ्या आणि त्या फॉर्मचा फोटो काढा. रिलीव्हिंग लेटर, सगळ्या पगार स्लिपा, ओरिजिनल कागद किंवा चेक दिला असेल तर तो परत. टीडीएस (पगारातून इन्कम टॅक्स) कापला असेल तर त्याचं सर्टिफिकेट कधी मिळेल ते विचारून ठेवा. शिल्लक सुट्ट्यांचे पैसे आणि ओटीचे पैसे हिशोबात धरलेत का तेही. एचआरचा मोबाईल नंबर आणि मेल आयडी लिहून घ्या.

टप्पा ९ : सोडल्यानंतरचे दोन महिने

हिशोबाबद्दल "पंचेचाळीस दिवसांनी या" असं ऐकायला मिळेल. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असं आहे. हे भांडायला वापरू नका, एका शांत मेलमध्ये लिहा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने दुसरा मेल, आणि तरीही काही नाही तर सगळे कागद घेऊन कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. मित्रांना घेऊन गेटवर जाणं, ग्रुपवर कंपनीचं नाव घेऊन लिहिणं, याने पैसे सुटलेले मी तरी पाहिलेले नाहीत.

सॅलरी अकाउंट तसंच सोडू नका. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साधं सेव्हिंग करते आणि काही बँकांत मिनिमम बॅलन्सचे चार्जेस सुरू होतात. बँकेत जाऊन झिरो बॅलन्समध्ये बदलून घ्या नाहीतर बंद करा, मोबाईलचा हप्ता त्या खात्यातून जात असेल तर आधी तो दुसरीकडे वळवा.

पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये हा दोन-चार महिन्यांचा अनुभव लपवू नका, पीएफमध्ये तो दिसतोच. विचारलं तर "रात्रपाळी आणि फायनल इयर एकत्र जमत नव्हतं, नोटीस पूर्ण करून निघालो, हे रिलीव्हिंग लेटर" असं सांगा. यापेक्षा जास्त खोलात कुणी सहसा जात नाही.

पीएफचे पैसे लगेच काढायच्या मागे लागू नका, पुढची नोकरी लागली की याच यूएएनवर ट्रान्सफर करा, दुसरा यूएएन काढू देऊ नका. पण एक्झिट डेट पडली का ते नक्की बघा, कारण ती नसेल तर ट्रान्सफर आणि क्लेम दोन्ही अडकतात. कंपनीने टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करून मॅनेज मेनूतल्या मार्क एक्झिटमध्ये आधार ओटीपीने ती टाकू शकता. टाकताना रिलीव्हिंग लेटरवरचीच तारीख टाका, चुकली तर नंतर दुरुस्तीची कटकट होते.